विरार लोकलच्या वाटेवरचे शूर्पारक



नालासोपारा म्हटले की आपल्याला काय आठवते ते सांगायला नको. खच्चून भरलेली सकाळची लोकल, दारात लोंबकळणारी माणसे, आणि बोरिवलीला आपल्याला चढता येऊ नये म्हणूनच ती गाडी तिथून भरून येते हा आपला पक्का समज. आपल्या १९८१ च्या बॅचमधले निदान डझनभर जण पुढे जागेच्या शोधात वसई-विरारकडे सरकले. त्यांच्यासाठी ते घर आहे, बाकीच्यांसाठी इंडिकेटरवरचे एक नाव. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावे जोडून रेल्वेने केलेले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पुरातत्त्वाचा अर्धवेळ अभ्यासक्रम केला हे तुम्हाला व्हॉट्सॲप ग्रुपवरून माहीत आहे. मी टाकलेल्या खापरांच्या फोटोंना तुम्ही अंगठे दाखवता, वाचत कोणी नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ठरवले की सोपाऱ्यावरच लिहायचे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला इतक्या जवळ, इतके जुने आणि इतके कमी खणलेले दुसरे बंदर सापडणार नाही. यातला शेवटचा शब्दप्रयोग लक्षात ठेवा, कारण माझे सगळे म्हणणे त्याच्याशी येऊन थांबते.

आधी गावाचा मोठेपणा सांगते. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, प्राकृतात सोपारक किंवा सोपारग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. तीत भडोचच्या दक्षिणेकडच्या गावांत सुप्पारा आणि कल्याण ही नावे एकापाठोपाठ येतात. सोपाऱ्याचे नुसते नाव आहे, वर्णन नाही. टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. बौद्ध कथांत पूर्ण नावाचा व्यापारी इथलाच, आणि जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला, झाडाच्या साली नेसून फिरणारा बाहिय इथेच लोकांच्या आदराला पात्र झाला असे सांगतात. पुढे अरब प्रवाशांनीही सुबारा म्हणून त्याची नोंद ठेवली. बायबलमधले सोन्याचे बंदर ओफिर म्हणजे सोपाराच, असेही काहींनी म्हटले आहे. त्याला नावातल्या साम्यापलीकडे आधार नाही, तेव्हा तो मुद्दा मी तरी सोडून देते. गावाला मोठेपणा मिळायला सॉलोमनची गरज नाही.

कथांपेक्षा मला दानलेख अधिक जवळचे वाटतात, कदाचित बँकेत पस्तीस वर्षे घालवल्यामुळे. नाणेघाटात एका पाण्याच्या पोढीवर लेख आहे की ती सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिली. घाट चढून वर आलेल्या माणसाला आणि बैलाला काय लागते ते व्यापाऱ्याला बरोबर कळत होते. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांच्या दात्यांतही सोपाऱ्याचे नाव आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी चौकोनी धर्मशाळा आणि उतारूंसाठी निवारे बांधले. दमण, तापी, डहाणू अशा नद्या नावेने फुकट पार करून देण्याची सोय केली. आणि नानंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे चरकांच्या परिषदांना दिली, त्यांत शोर्पारगच्या रामतीर्थावरची परिषदही होती. नानंगोल म्हणजे आजचे संजाणजवळचे नारगोळ असावे असे अभ्यासक मानतात. बत्तीस हजार माड! कोणत्याही काळात ही रक्कम लहान नव्हे.

आणि कान्हेरी. सातवीत असताना बोरिवली स्टेशनवरून चालत नॅशनल पार्कात शिरून आपण तिथवर पोचलो होतो, ते आठवत असेल. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे लक्ष माकडांकडे होते. इतिहासाच्या बाईंनी मात्र मोठ्या चैत्यगृहाच्या पडवीत उभे राहून सांगितले होते की ही लेणी एकट्या राजाने खोदलेली नाहीत, व्यापारी, सोनार, भिक्षुणी अशांनी पैसे घातले आहेत. त्या दानलेखांत कल्याण, चौल आणि सोपारा ही तिन्ही बंदरांची नावे आहेत. म्हणजे आपल्या शाळेच्या खिडकीतून जो डोंगर दिसायचा, त्यावरचा खर्च खाडीपलीकडच्या बाजारपेठेतून येत होता. साष्टी बेट हे या तीन बंदरांच्या मधले. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर कळावे की ते वाक्य एका तरी डोक्यात राहिले.

आता प्रत्यक्ष खोदकाम. ही गोष्ट ज्या माणसाची आहे त्याच्याबद्दल चार ओळी जास्त लिहिल्या तर रागावू नका. भगवानलाल इंद्रजी, जन्म १८३९, जुनागढचे. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नाही. गावाबाहेर गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदाही लेख कोरलेला प्रचंड धोंडा आहे. हा मुलगा तिथे जाऊन बसे. प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती लागल्यावर त्यावरून तो स्वतःच लिपी शिकला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला बोलावून घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे देशभर, थेट नेपाळपर्यंत, लेखांचे ठसे घेत फिरवले. भाऊ दाजी १८७४ मध्ये गेले. त्यानंतर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. ते गुजरातीत लिहीत, इतर विद्वान त्याचे इंग्रजी करीत, आणि हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. पदवीचे एकही कागदपत्र नसलेला माणूस. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या मंडळींनी नोंद घ्यावी.

त्या काळात जेम्स कॅम्पबेल हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे काम पाहत होते आणि ठाणे जिल्ह्याचा खंड तयार होत होता. सोपाऱ्यात गावकरी ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत असा एक मातीचा उंचवटा होता. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचा कोणी राजा इथे होऊन गेला अशी आख्यायिका. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे करणारा तो बुरूड. त्यामुळे शूर्पारक हे नाव विसरले गेले तरी सूप कसे कोण जाणे गोष्टीत टिकून राहिले, असे मला वाटते. हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.

भगवानलालांनी आकारावरून ओळखले की हा कोट नसून स्तूप आहे. एप्रिल १८८२ मध्ये उंचवटा मध्यापर्यंत कापत नेला. आत विटांचे बांधकाम, आणि बरोबर मधोमध विटांची एक कोठी. कोठीत दगडाची गोल पेटी. पेटीचे झाकण उघडले तर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या आठ लहान धातुमूर्ती: होऊन गेलेले सात बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि तऱ्हेतऱ्हेचे मणी. आणि सगळ्यांत आतल्या त्या सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. खापरे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेली.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले होते. सोन्यात ठेवलेली खापरे पाहून नव्हे, तर त्यानंतर आम्हा पुरातत्त्ववाल्यांचे सारे आयुष्य खापरांतच गेले म्हणून. फरक इतकाच की आम्ही ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि वर चिठ्ठी लावतो.

पेटीत आणखी एक वस्तू होती: चांदीचे एक छोटे नाणे, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे, फारसे न झिजलेले. या नाण्याचे मोल समजून घेण्यासारखे आहे. नाणे हातोहात फिरले की झिजते. न झिजलेले नाणे पुरले गेले म्हणजे ते पाडल्यानंतर फार काळ गेला नव्हता. यज्ञश्रीचा काळ दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे करंडक ठेवण्याचा काळ तोच, किंवा थोडा पुढचा. मग त्या आठ मूर्ती? घडणीवरून त्या आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या दिसतात. एका बंद पेटीत सहाशे वर्षांचे अंतर असलेल्या दोन गोष्टी. अर्थ असा निघतो की कोणीतरी मध्ये हा स्तूप उघडला, मूर्ती आदराने आत बसवल्या आणि पुन्हा बंद केला. सातवाहन जाऊन युगे लोटली तरी सोपाऱ्यात या जागेची काळजी घेणारी माणसे होती. हा निष्कर्ष कुठल्याही ग्रंथात लिहिलेला नाही, तो पेटीतल्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवून निघाला. शाळेत आपण इतिहास म्हणजे सनावळी समजत होतो. सन मिळवायला काय काय करावे लागते ते तेव्हा कोणी विचारलेच नाही.

त्याच महिन्यात दुसरा शोध लागला, आणि माझ्या मते तो करंडकाहून मोठा आहे. गावाजवळच्या भातेला तळ्यापाशी काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा पडला होता, त्यावर ब्राह्मी अक्षरे. भगवानलालांनी वाचले आणि ओळखले: अशोकाच्या चौदा लेखांपैकी आठव्याचा तुकडा. वाक्ये पुरी नव्हती, थोडेच शब्द उरले होते. पण ज्याचे बालपण गिरनारच्या धोंड्यापाशी गेले त्याला चार शब्द पुरेसे होते. दुसऱ्या कोणी तो दगड पाहिला असता तर फार तर ‘जुनी अक्षरे’ म्हणून सोडून दिला असता, किंवा त्याच्यावर धुणे धुतले असते.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकारीला वगैरे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. वडीलधाऱ्यांना भेटणे, दानधर्म, गावोगावच्या लोकांशी बोलणे. सम्राटाच्या सहलींचे परिपत्रकच म्हणा. ही चौदा लेखांची मालिका मोजक्याच जागी कोरली गेली: गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, धौली, जौगड, येर्रागुडी वगैरे. महाराष्ट्रात फक्त सोपारा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे ठिकाण साम्राज्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असेल याला आणखी पुरावा नको.

पुढे चौऱ्याहत्तर वर्षे काही नाही. मग १९५६ मध्ये सोपाऱ्याच्या पश्चिमेला समुद्राकडे असलेल्या भुईगावात आणखी एक लेखखंड मिळाला, नवव्या लेखाचा. एशियाटिक सोसायटीचे त्या वेळचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना तो मिळाला. नववा लेख मोठा गमतीचा आहे. माणसे आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यातही बायका फार आणि बारीकसारीक, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम, असे त्यात म्हटले आहे. बायकांवरचा शेरा मी अशोकाला माफ करत नाही, पण गुरुजनांविषयीचे कलम आजच्या प्रसंगाला साजेसे आहे.

हिशेब करा. चौदा लेख. आठवा आणि नववा यांचे तुकडे मिळाले. उरलेले बारा कुठे आहेत?

विचार करायला हरकत नाही. दगड सोपाऱ्यातून उठून चालत जात नाही. या पट्ट्यात मंदिरे झाली, पोर्तुगीज आले, वसईचा किल्ला, चर्च, तळ्यांचे घाट, विहिरी, बांध बांधले गेले, आणि घडलेला दगड आयता मिळाला तर कोणीही तो उचलतो. एखाद्या विहिरीच्या कठड्यात अक्षराची बाजू आत करून तिसरा किंवा तेरावा लेख बसवलेला असेल. कुठे पायरीला असेल. पहिला तुकडा तळ्याजवळ आणि दुसरा भुईगावात मिळाला, म्हणजे ते विखुरले गेले हे तर नक्कीच.

सोपाऱ्यात त्यानंतर उत्खनने झाली नाहीत असे नाही. १९३९-४० मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने स्तूपाजवळ काम केले, तेव्हा मुख्य स्तूपाच्या दक्षिणेला दोन लहान स्तूप मिळाले. हौशी संशोधक अन्वर मुन्शी यांनी सातवाहनांची शिशाची नाणी गोळा केली. १९९३ मध्ये पुन्हा खोदाई झाली आणि या वेळी वस्तीचे पुरावे हाती आले: मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, उत्तर हिंदुस्थानातून आलेली काळी चकचकीत खापरे, परदेशी मद्यकुंभांचे तुकडे, आणि नंतरच्या काळातली झिलई दिलेली भांडी. म्हणजे मौर्यकाळापासून अरब व्यापाऱ्यांपर्यंतचा काळ या जमिनीत थरांनी साठला आहे.

थर म्हणजे काय हे आमच्या सरांनी आम्हाला डब्याच्या उदाहरणाने समजावले होते, तेच सांगते. पाच खणी डबा आडवा पडला तर वरण, भात, लोणचे एक होते. मग आधी काय वाढले होते ते सांगता येत नाही. जेसीबीने पाया खणतो तेव्हा हेच होते. चर खणताना आम्ही बोटभर, दोन बोटे असे खाली जातो, भिंत सरळ ठेवतो, मातीचा रंग बदलला की थांबतो, आणि प्रत्येक खापर कोणत्या थरातले ते लिहितो. एका माणसाला दिवसभरात एक पाटी मातीही पुरते. पाहायला आलेल्यांना हे भयंकर कंटाळवाणे वाटते. माझ्या यजमानांना तर फारच.

भगवानलालांच्या वेळी ही पद्धत आपल्याकडे आलेली नव्हती. त्यांनी करंडक पाहिला, भोवतालची खापरे पाहिली नाहीत. त्यांना दोष नाही. पण त्यामुळे असे झाले की सोपाऱ्याचा देव्हारा आपल्याला माहीत आहे आणि घर माहीत नाही. धक्का कुठे होता, वखारी कुठे होत्या, बाजार कोणत्या बाजूला होता, कारागीर कुठे राहत, हे नकाशावर दाखवता येत नाही. एवढे कळते की वैतरणा आणि वसईची खाडी यांच्यामधला हा सखल पट्टा, खाडीचे फाटे आत शिरत, भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत. पुढे गाळाने फाटे भरले, बंदराचे दिवस गेले, आणि खाजणावर भात, वाल आणि केळीच्या वाड्या उभ्या राहिल्या.

जुनी खापरे पुन्हा पाहून काय निघते त्याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. पश्चिम किनाऱ्यावर मिळालेल्या अशा बऱ्याच तुकड्यांना पूर्वी सरसकट ‘रोमन मद्यकुंभ’ म्हणत. रोबर्टा टॉम्बर या संशोधिकेने देशातल्या निरनिराळ्या संग्रहांतले तुकडे एकेक करून पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले कितीतरी रोमन नसून इराकच्या बाजूचे, आतून डांबर लावलेले लांबट रांजण आहेत असे दिसले. त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात. पंधरा-वीस वर्षे खोक्यात पडलेल्या खापराने व्यापाराचा नकाशा बदलला: रोमशीच नव्हे, इराणच्या आखाताशीही इथला घरोबा होता. हे शक्य झाले कारण ती खापरे कोणीतरी उचलून, चिठ्ठी लावून ठेवली होती.

आपल्या उपनगरांचीही तीच कथा. भगवानलालांनी सोपाऱ्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात दुसरे नाव आहे ‘पडण’. ही आकुर्ली परिसरातली टेकडी, खडकावर कोरलेली पावले आणि ब्राह्मी अक्षरे असलेली. आकुर्ली रोडवरून आपण किती वेळा गेलो असू! कांदिवलीत १९३० च्या दशकात नौदलातले टॉड नावाचे अधिकारी अश्मयुगीन हत्यारे गोळा करत फिरत. बोरिवलीच्या एकसरला सहा वीरगळ आहेत, माणसाहून उंच, आणि त्यांवर चक्क गलबतांची लढाई कोरली आहे: वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडणारे वीर, आणि वरच्या पट्ट्यांत त्यांचे स्वर्गारोहण. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाचे ते चित्र असावे असे एक मत आहे, त्याला हरकत घेणारेही आहेत. ते कोणाचेही असो, समुद्रावरची लढाई दगडात इतकी स्पष्ट दाखवणारी शिल्पे फार थोडी. आपल्या शाळेतून सायकलने वीस मिनिटे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने २०१५ नंतर साष्टी बेटाची पायी पाहणी हाती घेतली, तेव्हा कुरुष दलाल, सूरज पंडित यांच्यासारख्या अभ्यासकांबरोबर विद्यार्थ्यांच्या तुकड्या गल्लीबोळांतून, गावठाणांतून, पाड्यांतून फिरल्या आणि देवळांच्या पारांवर, झाडांखाली, सोसायट्यांच्या आवारात पडलेली शिल्पे, गधेगळ, वीरगळ नोंदवले गेले. खणण्याचा प्रश्नच नव्हता. नुसते पाहायचे, मोजायचे, विचारायचे.

सोपाऱ्याला तेवढेही राहिलेले नाही, वेळ संपत आली आहे. स्तूप संरक्षित आहे. कायद्याने त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. पण शूर्पारक काही शंभर मीटरचे गाव नव्हते. बाकीच्या गावावर चाळी झाल्या, मग इमारती झाल्या, आता त्या पाडून टॉवर येत आहेत. राहायला जागा हवी हे मला कळते. मी स्वतः बेचाळीस वर्षे आधी चाळीत आणि मग वन रूम किचनमध्ये काढली आहेत, तेव्हा माणसांना हाकलून खड्डे खणा असे मी म्हणणार नाही. मात्र टॉवरचा पाया चाळीच्या पायापेक्षा कितीतरी खोल जातो. चाळीने जे झाकले होते ते टॉवर उपसून ट्रकमध्ये भरतो. हा एवढाच टप्पा आहे, ज्यात दोन हजार वर्षांचा छेद चार दिवस उघडा दिसतो. नंतर काँक्रीट.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे, आणि ते भावनिक नाही. आपल्या बॅचमध्ये तीन सिव्हिल इंजिनिअर, दोन बिल्डर, एक आर्किटेक्ट आणि महापालिकांत काम केलेले निदान चौघे आहेत. वसई ते विरारमध्ये पाया खणला जात असेल तर पाणी उपसल्यावर खड्ड्याच्या भिंतीकडे एकदा पाहा. मातीची गोल कडी एकावर एक दिसली, विटा आजच्या विटांपेक्षा बऱ्याच मोठ्या दिसल्या, खापरांचा जाड पट्टा दिसला, तर मोबाइलने फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी किंवा निदान पेन ठेवा, कोणत्या खोलीवर ते लिहा, आणि मला पाठवा. पुढे कोणाला कळवायचे ते मी पाहीन. नाणी किंवा मौल्यवान काही सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. त्याने काम कायमचे अडते ही भीती मी बिल्डर मित्रांकडून ऐकली आहे. भिंतीचा फोटो काढल्याने काहीच अडत नाही.

आणि ज्यांच्या माहेरी किंवा सासरी त्या बाजूला जुन्या वाड्या आहेत, त्यांनी विहिरीचा कठडा पाहावा. मागच्या वर्षी भुईगावच्या वाटेवर एका वाडीत आम्ही पाणी प्यायला थांबलो. वाडीवाल्या आजोबांनी आमचे गळ्यातले कॅमेरे पाहून विचारले, “काय मोजणी आलीय काय?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला आणि स्वतःहून विहीर दाखवायला नेले. कठड्यात दोन घडीव दगड होते, जुन्या देवळाचे असावेत. अक्षरे नव्हती. निदान दिसणाऱ्या बाजूला तरी नव्हती. दगड उलटून पाहू का, असे विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही, कारण विहीर वापरातली होती आणि आजोबा चहा ठेवायला आत गेले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांना मी सोपारा दाखवणार आहे. नालासोपारा पश्चिमेला सकाळी साडेआठला भेटायचे. रिक्षाने कोट, तिथून चक्रेश्वराचे तळे आणि देऊळ, जिथे ब्रह्मदेवाची उंच मूर्ती आणि आसपास सापडलेली बरीच शिल्पे ठेवली आहेत. करंडक तिथे नाही, तो एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहे. आठव्या लेखाचा दगड पाहायचा तर फोर्टला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागेल, तो कार्यक्रम वेगळा ठरवू. स्तूपावर चढायचे नाही, खापर उचलून पर्समध्ये टाकायचे नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगावे, म्हणजे रिक्षा आतपर्यंत नेऊ. डबा आणि पाणी आपापले.